सराईत म्हणजे कोण?

घरफोडीची बातमी वर्तमानपत्रात आली की तिच्या शेवटी एक वाक्य ठरल्यासारखे असते. आरोपी सराईत असून त्याच्यावर यापूर्वीही अनेक गुन्हे दाखल आहेत. सकाळच्या चहाबरोबर बातमी वाचणारा गृहस्थ तेवढ्या वाक्यावर निकाल देऊन मोकळा होतो. अशा माणसाला सोडलाच कसा, चांगली दहा वर्षे आत डांबायला काय हरकत होती, असे तो घरातल्यांना विचारतो आणि घरातले माना डोलावतात. त्या वाक्यातला ‘दाखल’ हा शब्द मात्र कोणाच्या डोळ्यांना खुपत नाही. गुन्हा दाखल होणे म्हणजे ठाण्यातल्या वहीत लिहिला जाणे. पुढे तो शाबीत झाला, की कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडले, की खटला अजून धूळ खात पडला आहे, याविषयी ते वाक्य अवाक्षर काढीत नाही. असे असूनही ‘सराईत’ हे विशेषण त्या माणसाला जन्माचे चिकटते.

मी बडोद्याच्या फौजदारी न्यायालयांत आयुष्य काढले. लहरीपुऱ्यातल्या न्यायमंदिरात कोर्टे भरत असत त्या काळापासून. फिर्यादीच्या बाजूने उभा राहिलो त्यापेक्षा आरोपीच्या बाजूने अधिक वेळा उभा राहिलो, आणि म्हणून माझ्या मतावर थोडा एका बाजूचा रंग चढला असेल तर वाचकांनी तेवढी सूट घालूनच हा लेख वाचावा. पुन्हा गुन्हा करणाऱ्याला अधिक कडक शिक्षा द्यावी की नाही, हा वाद आज सगळीकडे चालू आहे. विधिमंडळात तो आहे, दूरचित्रवाणीवर आहे, आणि दांडिया बाजारातल्या ओट्यांवर तर तो रोजच रंगतो. पण या वादातले बहुतेक लोक ‘अधिक’ या शब्दावर भांडतात. मला स्वतःला खरी मेख ‘पुन्हा’ या शब्दात दिसते.

तथापि आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. आपल्या जुन्या वस्तीतले वाडे आता अर्धे रिकामे झाले आहेत. मुले परदेशी, घरात दोन म्हातारी माणसे, किंवा एकच. आमच्या गल्लीत अशाच एका वृद्ध विधवेच्या घरी चौदा महिन्यांत दोनदा घरफोडी झाली. पहिल्या वेळी भांडीकुंडी गेली आणि देव्हाऱ्यातला चांदीचा बाळकृष्ण गेला. माणूस पकडला गेला, त्याला शिक्षा झाली, मुद्देमालापैकी काही परतही मिळाला. तो माणूस सुटून आला आणि त्याच घरात, त्याच मागच्या खिडकीने, पुन्हा शिरला. दुसऱ्या वेळी चोरीला गेलेला ऐवज फारसा नव्हता. पण त्या रात्रीनंतर त्या बाई स्वतःच्या घरात झोपेनाशा झाल्या. दिवेलागण झाली की भाच्याकडे जात आणि उजाडल्यावर परत येत. दुसरी चोरी ही पहिल्यासारखीच आणखी एक चोरी नसते. पहिल्या शिक्षेने जो थोडा विश्वास परत आलेला असतो तोच ती हिरावून नेते. तेव्हा त्या माणसाला दुसऱ्या वेळी अधिक शिक्षा झाली याचे मला कधी वाईट वाटले नाही, आणि कोणी मला त्या खटल्यात वकीलपत्र घ्यायला सांगितले असते तर मी ते बहुधा घेतले नसते.

हा विचार काही नवा नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात गाठ सोडून पैसे चोरणाऱ्याला, म्हणजे आपल्या आजच्या खिसेकापूला, पहिल्यांदा सापडला तर बोटे तोडावीत, दुसऱ्यांदा हातपाय आणि तिसऱ्यांदा देहान्त, असा क्रम सांगितला आहे. त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात मात्र आधी वाग्दंड, मग धिग्दंड, तिसऱ्या पायरीला धनदंड आणि सरतेशेवटी वधदंड अशी सौम्य सुरुवातीची शिडी आहे. एकाच ग्रंथात दोन स्वभाव. या देशात आजवर झालेले बहुतेक कायदे या दोन स्वभावांत हेलकावे खात आले आहेत, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली. तिच्यातले कलम ७५ हे पुन्हा गुन्हा करणाऱ्यासाठी होते. नाणी व सरकारी स्टँप यांविषयीच्या किंवा मालमत्तेविषयीच्या, तीन वर्षे वा अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेल्या माणसाने तसाच गुन्हा पुन्हा केला तर त्याला जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा देता येत असे. साध्या चोरीला तेव्हा कमाल शिक्षा तीन वर्षे होती. म्हणजे दुसऱ्या चोरीला ती एकदम कितीतरी पटींनी वाढे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीतही कलम १३ म्हणून ही तरतूद कायम आहे. शिवाय नव्या संहितेने चोरीच्या कलमातच पहिल्या आणि दुसऱ्या वेळेचा फरक घातला आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू चोरणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याची समाजसेवेच्या शिक्षेवर सुटका. पण दुसऱ्यांदा चोरी केली तर निदान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. मनूच्या दोन्ही अध्यायांचा हा मेळ म्हणावा.

कलम ७५ च्या भोवती एक नियम होता, त्याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. सामान्य वाचकाला तो क्वचितच ठाऊक असतो. आरोपीला पूर्वी शिक्षा झालेली आहे आणि म्हणून त्याला वाढीव शिक्षा मागायची आहे, हे सरकारपक्षाला दोषारोपात लिहावे लागते. परंतु चालू गुन्ह्यात आरोपी दोषी ठरेपर्यंत न्यायाधीशाने तो भाग वाचून दाखवायचा नाही, आरोपीला त्याविषयी विचारायचे नाही, आणि सरकारी वकिलानेही त्याचा उल्लेख करायचा नाही. आधी आजचे शाबीत करा, मग कालचे काढा. कारण उघड आहे. एकदा ‘हा जुना चोर आहे’ असे कानावर पडले की पुराव्यातली भोके आपोआप बुजू लागतात. न्यायाधीशही माणूसच असतो. कायद्याने हा मोह ओळखला आणि पूर्वीची शिक्षा दाराबाहेर थांबवून ठेवली. वर्तमानपत्रातले ते ठरलेले वाक्य नेमके उलटे करते: खटला उभा राहण्याआधीच आरोपीचा भूतकाळ आपल्या दिवाणखान्यात आणून बसवते.

पण हा तोच माणूस, हे सरकारने ओळखायचे कसे? नाव बदलणे सोपे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदून ठेवीत. ही चाल १८४९ साली बंद झाली. कपाळावरून ती खूण पुढे बोटांवर आली. १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी उघडली. ठशांची वर्गवारी कशी लावायची याची पद्धत जगात हेन्री नावाच्या साहेबाच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता. आज ठसा म्हटला की घटनास्थळी सापडलेला ठसाच डोळ्यांपुढे येतो. पण सुरुवातीला त्या पद्धतीचा मुख्य उपयोग निराळा होता. पकडलेला माणूस पूर्वी दुसऱ्या नावाने शिक्षा भोगून गेलेला आहे काय, हे पाहण्याचा. ही खूण गोंदणापेक्षा कितीतरी सभ्य होती. ती फक्त कागदावर राहत होती, आणि शिक्षा झाली असेल तरच काही बोलत होती.

याच काळात सरकारने दुसऱ्या हाताने एक भयंकर गोष्ट केली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आधी तो उत्तरेकडच्या मुलखापुरता होता, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली, आणि १९११ व १९२४ साली तो नव्याने बांधला गेला. संपूर्ण जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करायच्या, त्यांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, वाटल्यास तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवायचे. सोलापुरातल्या अशा वसाहतीच्या भागाला अजूनही लोक सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. या कायद्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातल्या एका कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही, आणि आजच्या वादात मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. जाहीर झालेल्या जमातीतल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांपैकी एखाद्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा शिक्षा होईल तेव्हा ती सात वर्षांहून कमी नसावी, आणि तिसऱ्यांदा झाली तर काळे पाणी, असे १९११ च्या कायद्यात लिहिले होते. न्यायाधीशाने खास कारणे निकालात नमूद केली तरच त्याला यातून सवड. म्हणजे दंड संहितेत जिथे ‘देता येईल’ होते तिथे इथे ‘द्यावीच’ झाले. दोन क्रियापदांतला हा फरक एका माणसाच्या आयुष्याएवढा मोठा आहे. एकाच तुरुंगात, एकाच चोरीसाठी, एक माणूस दीड वर्षाने सुटे आणि दुसरा अंदमानाच्या वाटेला लागे. दोघांत फरक एवढाच की दुसऱ्याची आई कोणत्या पालावर बाळंत झाली होती.

कॅलिफोर्नियात आपल्या घराघरांतली मुले-नातवंडे राहतात, म्हणून तिकडची गोष्ट इथे सांगायला हरकत नाही. आणि तिचे आपल्या या १९११ च्या कलमाशी साम्य विलक्षण आहे. १९९२ साली फ्रेस्नो गावात एका तरुणीचा पर्स हिसकावताना गोळी घालून खून झाला. तिच्या वडिलांनी कायदा बदलण्याची मोहीम उघडली, पण तिला प्रारंभी फारसा प्रतिसाद नव्हता. १९९३ च्या ऑक्टोबरात पेटालुमा येथील पॉली क्लास या बारा वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून, मैत्रिणींच्या देखत, पळवून नेऊन ठार मारण्यात आले. मारेकरी पूर्वी अनेकदा शिक्षा भोगलेला आणि मुदतीआधी सोडलेला होता. सारे राज्य हादरले. १९९४ च्या मार्चमध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबरात मतदारांनी तो प्रचंड बहुमताने उचलून धरला. पूर्वी दोन गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसाने तिसरा कोणताही मोठ्या वर्गातला गुन्हा केला की पंचवीस वर्षे ते जन्मठेप. बेसबॉल या त्यांच्या खेळात फलंदाजाचे तीन चेंडू वाया गेले की तो बाद. त्यावरून कायद्याला नावही तसेच पडले. शिक्षेच्या शास्त्रात खेळाचे नियम आणले की काय होते, ते पुढे दिसलेच.

‘कोणताही’ या शब्दाने घात केला. २००० साली गॅरी युइंग नावाच्या माणसाने गोल्फच्या तीन काठ्या विजारीत लपवून दुकानातून नेण्याचा प्रयत्न केला. एकेका काठीची किंमत ३९९ डॉलर. तो लंगडत चालला म्हणून पकडला गेला. पूर्वीचे गुन्हे होतेच, त्यांत घरफोड्या होत्या. शिक्षा पंचवीस वर्षे ते जन्मठेप. दुसरा एक लिआंड्रो आंद्रादे. त्याने १९९५ साली दोन दुकानांतून मिळून नऊ चित्रफिती चोरल्या, किंमत सुमारे दीडशे डॉलर. त्याला दोन खटल्यांच्या एकापाठोपाठ एक अशा पन्नास वर्षे ते जन्मठेप. दोन्ही प्रकरणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २००३ च्या मार्चमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दोन्ही शिक्षा कायम झाल्या. युइंग २०१२ साली तुरुंगातच मरण पावला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच राज्याच्या मतदारांनी कायदा दुरुस्त केला: तिसरा गुन्हाही गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे. एकदा भीतीने दिलेले मत अठरा वर्षांनी त्याच मतदारांनी बरेचसे मागे घेतले. या सबंध प्रकरणात मला सर्वांत विचार करायला लावते ती पॉलीच्या वडिलांची गोष्ट. ज्यांच्या दुःखावर हा कायदा उभा राहिला त्या मार्क क्लास यांनी सुरुवातीला त्याला पाठिंबा दिला होता, पण त्याचे अंतिम रूप पाहून त्यांनी त्याला विरोध केला. किरकोळ चोराला आणि त्यांच्या मुलीच्या मारेकऱ्याला एकाच मापाने मोजणे त्यांना पटले नाही.

कोणी म्हणेल, कायद्याने तिकडे गुन्हे तरी कमी झाले. झाले खरे. पण १९९० नंतरच्या दशकात ते अमेरिकेत सगळीकडेच कमी झाले, जिथे असा कायदा नव्हता तिथेही. तेव्हा श्रेय कोणाचे यावर तिथले पंडित अजून भांडत आहेत. एक गोष्ट मात्र बहुतेकांना मान्य आहे. चोरी, मारामारी, हिसकाहिसकी ही मुख्यतः तरुणपणाची कामे आहेत. चाळिशीनंतर ती उतरणीला लागतात. तिसऱ्या शिक्षेला माणूस सहसा त्याच वयाच्या आसपास पोचलेला असतो. म्हणजे ज्या वयात तो आपसूक शांत होऊ लागतो, नेमके तेव्हापासून त्याला पोसण्याचा खर्च सरकार पंचवीस वर्षे करणार.

आपल्याकडेही अशा तरतुदी येऊ लागल्या आहेत, आणि त्या सगळ्याच चुकीच्या आहेत असे मी म्हणणार नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ साली कायदा बदलला आणि बलात्काराच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्याने तो पुन्हा केल्यास मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी, असे नवे कलम आले. ते पहिल्यांदा वापरले गेले मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात. त्या पडक्या आवारात २०१३ च्या जुलैमध्ये एका तरुणीवर आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या तरुणीवर सामूहिक अत्याचार झाले. तीन आरोपी दोन्ही खटल्यांत होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये सत्र न्यायालयाने त्या तिघांना फाशी सुनावली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम घटनेला धरून आहे असे ठरवले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने तिघांची फाशी रद्द करून त्यांना उर्वरित आयुष्यभराची जन्मठेप दिली.

त्या नराधमांविषयी मला काडीची सहानुभूती नाही. जन्मभर आत राहावे अशीच ती माणसे होती. पण वकिलाच्या नजरेला एक गोष्ट सलते. दुसरा गुन्हा घडला तेव्हा पहिल्याची शिक्षा तर सोडाच, फिर्यादसुद्धा झालेली नव्हती. पहिली तरुणी पुढे आली ती दुसरे प्रकरण उजेडात आल्यानंतर. मग ‘पुन्हा’ म्हणजे काय? एकामागून एक केलेले दोन गुन्हे, की एकदा पकडला जाऊन, न्यायाधीशासमोर उभा राहून, शिक्षा भोगून, सुटून मग केलेला दुसरा? वाढीव शिक्षेचे सगळे समर्थन या दुसऱ्या अर्थावर उभे आहे. तुला एकदा सांगितले होते, तरीही तू केलेस, म्हणून जास्त. सांगितलेच नसेल तर गुन्ह्याच्या भयानकतेसाठी हवी ती शिक्षा द्या. ‘पुन्हा’साठी देता येत नाही.

आणि सांगितल्यानंतरही, मध्ये काय झाले हा प्रश्न उरतोच. पुष्कळ वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या अंतराने एकाच मॅजिस्ट्रेटसमोर माझी दोन कामे चालली. दोन्ही चोरीची, दोन्ही आरोपींची पूर्वी एकेक शिक्षा झालेली. पहिला माणूस एकोणिसाव्या वर्षी सायकल चोरून तीन महिने आत जाऊन आला होता आणि आता अडतिसाव्या वर्षी तांब्याची तार चोरताना सापडला होता. मॅजिस्ट्रेटने त्याला विचारले, मधली एकोणीस वर्षे काय करत होतास? तो म्हणाला, भाजीची लारी होती. आणखी काही बोललाच नाही. मॅजिस्ट्रेट क्षणभर थांबले आणि त्यांनी त्याला चार महिने दिले. दुसरा माणूस तुरुंगातून सुटल्यापासून अकराव्या दिवशी पकडला गेला होता. त्याला त्यांनी आपल्या अधिकारातली कमाल शिक्षा दिली, तीन वर्षे. कागदावर दोघेही एका पूर्वशिक्षेचेच धनी होते. तीन फेऱ्यांचा हिशेब करणारा कायदा असता तर दोघांची तिसरी फेरी एकाच कोठडीत सुरू झाली असती. त्या मॅजिस्ट्रेटनी एका प्रश्नाने दोघांना वेगळे केले, आणि तो प्रश्न कोणत्याही कलमात लिहिलेला नव्हता.

अकरा दिवसांच्या त्या माणसाला मी नंतर लॉकअपच्या गजांपलीकडून विचारले, बाबा रे, थोडा धीर तरी धरायचास. त्याने हिशेब सांगितला. भाड्याची खोली दुसऱ्याला दिली गेली होती, बायको माहेरी होती, ज्या गॅरेजात तो पूर्वी कामाला होता तिथे दुसरा ठेवला होता, आणि रोज संध्याकाळी त्याला ठाण्यात बोलावून बसवीत. पाचव्या दिवशी रेल्वे स्टेशनावर त्याला जुना सोबती भेटला. जेवण त्याने दिले. हे ऐकून मी त्याची शिक्षा कमी व्हावी म्हणून अपील केले नाही. तसे करण्यासारखे त्या कामात काही नव्हते. पण त्याच्या हिशेबातले ‘रोज ठाण्यात बसवीत’ हे मात्र मी विसरलो नाही.

कारण आपल्या कायद्यात शिक्षेविना सराईत ठरवण्याचीही सोय आहे. सवयीच्या गुन्हेगाराकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना पूर्वीच्या कलम ११० खाली होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १२९ खाली आहे. जामीन तीन वर्षांपर्यंतचा. माणूस सवयीचा गुन्हेगार आहे हे शाबीत करायला कायदा ‘सार्वत्रिक लौकिक’ हा पुरावा पुरेसा मानतो. म्हणजे गावात त्याच्याविषयी काय बोलले जाते ते. ज्या कायद्याने एकीकडे शाबीत झालेली शिक्षासुद्धा निकालापर्यंत दाराबाहेर थांबवली, त्याच कायद्याने दुसरीकडे गावगप्पांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. जामीन कोण देणार? ज्याला घरदार आहे त्याला जामीनदार मिळतो. ज्याला नाही तो आत जातो, आणि आत गेला की लौकिक आणखी पक्का होतो.

हे ओझे सर्वांत जास्त वाहिले ते त्याच जुन्या जमातींनी. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. पण जवळजवळ लगेच राज्याराज्यांत सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. शब्द बदलला. नोंदवही राहिली. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा मान मिळाला, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी ते हळहळत वाचले. ज्या घराचा पोलिसांशी संबंध पिढीजात आहे त्या घरातले पोर पहिल्या गुन्ह्याच्या आधीच दुसऱ्या गुन्ह्याचे धनी कसे होते, हे त्या पुस्तकाइतके मला कोणत्याही कायद्याच्या ग्रंथाने शिकवले नाही. बडोद्यात राहून काम करणारे गणेश देवी, बंगालच्या महाश्वेता देवी आणि हे गायकवाड यांनी १९९८ साली विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. त्याच वर्षी अहमदाबादेतल्या छारानगरातील मुलांनी ‘बुधन’ हे नाटक केले. बंगालातल्या पुरुलियात कोठडीत मेलेल्या बुधन शबर याच्यावर. आपल्याकडच्या नाट्यरसिकांपैकी किती जणांनी ते पाहिले असेल कोण जाणे. अहमदाबादला लग्नाला म्हणून आपण वर्षातून चार वेळा जातो.

पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या अर्जावर निकाल दिला. तुरुंगांच्या काही नियमावल्यांत अजूनही अमुक जमातीत जन्मलेला कैदी हा ‘सवयीचा’ धरावा अशा अर्थाची वाक्ये होती. न्यायालयाने ती काढायला लावली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले आणि सवयीच्या गुन्हेगारांच्या कायद्यांविषयीच शंका व्यक्त केली. कायदा जाऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

मग करायचे काय, असे वाचक विचारतील. त्यावर औंधचे उदाहरण देण्याचा मोह मला आवरत नाही, कारण आपण सारे संस्थानी मुलखाची माणसे आहोत आणि संस्थानिकांच्या हत्तीघोड्यांच्या गोष्टी सांगताना त्यांच्या या गोष्टी विसरतो. औंधसारख्या चिमुकल्या संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची खुली वसाहत वसवली. मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन हे या कामात त्यांच्याबरोबर होते. तिचे नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती करायची आणि कुटुंबासह राहायचे. याच प्रयोगावरून सुचलेला शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला, कथा माडगूळकरांची. बर्लिनला १९५८ साली त्याचा गौरव झाला. संस्थान विलीन झाले, पण स्वतंत्रपूरची वसाहत अजून चालू आहे.

चित्रपटातले सहा कैदी खुनी आहेत, आणि ही गोष्ट नकळत फार खरी आहे. खून केलेला माणूस सुटल्यावर पुन्हा खून करील असे फार क्वचित घडते. पुन्हापुन्हा परत येतो तो चोर. पण खुल्या तुरुंगाचे दार बऱ्याच राज्यांच्या नियमांनुसार ज्याला बंद असते तो नेमका हाच, सवयीचा म्हणून नोंदलेला कैदी. ज्याला शेत, कुटुंब आणि रोजची मजुरी मिळाली तर फरक पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला सर्वांत जाड भिंत. तेव्हा गंभीर आणि हिंसक गुन्हा पुन्हा करणाऱ्याला जड शिक्षा खुशाल द्यावी, आमच्या गल्लीतल्या त्या बाईंसाठी द्यावीच. पण शिक्षेचा आकडा कायद्याने आगाऊ कोरून ठेवू नये, तो न्यायाधीशाच्या हातात राहू द्यावा, आणि न्यायाधीशाने तो लिहिण्यापूर्वी दोन गुन्ह्यांच्या मधला काळ पुढ्यात मागवावा. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने माणसाची चौकशी करून अहवाल देणारा अधिकारी न्यायालयाला दिलेला आहेच. त्याला पहिल्या गुन्ह्याच्या वेळी बोलावतात, तेही क्वचित. दुसऱ्या वेळी बोलावण्याची गरज अधिक असते.

माझ्या हातून गेलेल्या पूर्वशिक्षेच्या कागदांवर कोर्टाचे नाव, तारीख, कलम आणि शिक्षेची मुदत एवढे लिहिलेले असे. माणूस सुटला कधी, ही तारीख मला बहुधा त्याच्या बायकोला विचारावी लागे, आणि ती तिला वारासकट पाठ असे.